तीस नंबरचं मागणं

उस्ताद मुनीब यांनी मिशीवर हात ठेवून वचन असं आयुष्यात एकदाच दिलं, आणि तेही नेमकं अशा कामाचं, जे त्यांना स्वतःला धड कळलेलं नव्हतं.

मिशीचं म्हणाल तर ती काही फार भरदार नव्हती. ऐन-सरू गावातल्या इतर मिशांच्या मानाने ती मिशी आहे की वरच्या ओठावर पडलेली नाकाची सावली आहे, याबद्दल खुद्द त्यांच्या पत्नीला, विजदानबाईंना, शंका होती. पण वचन मिशीवर दिलं की दिलं. तिथे मिशीच्या जाडीला सूट नसते.

उस्ताद निवृत्त भूगोल-शिक्षक. नगरपालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गावाचं ग्रंथालय आहे, ते गेली तीन वर्षं सांभाळत होते. ग्रंथालयात यायला चौसष्ट पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे तिथे शांतता असते. त्या शांततेत एका सोमवारी उम्म नायेफ धापा टाकत शिरल्या. ही नायेफची आई, ताहिर फोटोवाल्याची विधवा. ताहिरने चाळीस वर्षं अख्ख्या गावाचे फोटो काढले होते आणि तो गेल्यावर बाईंनी ते अकरा हजारच्या अकरा हजार फोटो ग्रंथालयाला देऊन टाकले होते.

बाई खुर्चीत टेकल्या. श्वास खाली आल्यावर म्हणाल्या, "उस्ताद, त्याने साऱ्या गावाचे फोटो काढले. माझा एकच काढला. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात, दुकानात. 'घरी आणतो, घरी आणतो' म्हणत राहिला, आणि तो फोटो काही घरी आला नाही. तुमच्या खोक्यांत असेल का हो?"

उस्तादांनी सूची उघडली. सूचीत नाव होतं. "आहे! समीहा, ताहिरची पत्नी. आहे बघा."

"मग दाखवा."

इथे उस्तादांचा चेहरा उतरला. खोकी राजधानीला गेली होती, कागदाला वाळवी लागू नये म्हणून औषधपाणी करायला. फोटोंच्या प्रती काढून एका यंत्रात भरल्या होत्या. पण ते यंत्र तळघरात, त्याला पडदा नाही, आणि त्यातला एखादा फोटो बाहेर उचलून आणायचा तर समितीचा ठराव लागत होता. समिती पुढल्या महिन्यात बसणार होती. फोटो इथे बसून बघायला कुणाची हरकत नव्हती. फक्त दिसत नव्हता.

"शुक्रवारी मुलगा मला कुवेतला घेऊन चाललाय," बाई म्हणाल्या. "या पायऱ्या परत चढेन असं काही मला वाटत नाही."

उस्ताद भिडस्त माणूस. दुकानदाराने चुकून शिळी भाकरी दिली तर तीही आभार मानून घरी आणणारे. पण त्या क्षणी त्यांचा हात आपोआप वर गेला. "गुरुवारी अकरा वाजता या. तुम्ही नाव लिहायचं, फोटो समोर येईल. ही मिशी साक्षीला."

बाईंनी त्या मिशीकडे जरा बारकाईने पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. ती उस्तादांनाही त्याच दुपारी कळली, रुश्दी इंजिनियरने सांगितली तेव्हा. रुश्दी हा नगरपालिकेच्या सगळ्या तारांचा आणि यंत्रांचा मालक. कधीकाळी उस्तादांचाच विद्यार्थी. नकाशात मृत समुद्र दाखवताना त्याने एकदा भूमध्य समुद्रावर बोट ठेवलं होतं. ते दोघांनाही आठवत होतं आणि दोघेही त्याबद्दल बोलत नसत.

"उस्ताद, तुमची सूची एका व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे आणि फोटो दुसऱ्या," रुश्दी म्हणाला.

"व्हर्च्युअल म्हणजे?"

"म्हणजे ते मशीन खरं नसतं. खऱ्या मशीनच्या पोटात असतं."

उस्तादांनी घरी जाऊन यावर विचार केला. एक लोखंडी यंत्र स्वतःच्या पोटात आणखी चार यंत्रं आहेत अशी कल्पना करतं, आणि ती कल्पना इतकी पक्की असते की त्या नसलेल्या यंत्रांना नाव, पत्ता, रुसवेफुगवे सगळं असतं. उस्तादांना हे फारसं अवघड गेलं नाही. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना विषुववृत्त शिकवलं होतं.

खरा घोळ पुढे होता. सूचीचं यंत्र तिसऱ्या मजल्यावर, त्याचा गट तीस नंबरचा. फोटोंचं यंत्र तळघरात, त्याचा गट वीस नंबरचा. या गटांना रुश्दी व्हीलॅन म्हणे. तारा साऱ्या इमारतीत त्याच, पण त्यांतून जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर नंबराचा शिक्का. वीसचं बोलणं तीसला ऐकू जात नाही. दोघांची ओळख करून देणारा एक शहाणा स्विच तळघरात होता. (स्विच म्हणजे दिवा लावायचं बटण नव्हे. पाटाएवढी चपटी पेटी, तिला ओळीने भोकं आणि भोकागणिक एक हिरवा दिवा.) पण तळघर ते तिसरा मजला या वाटेवर परवाना विभागाच्या कपाटात एक मधला स्विच बसला होता. कुठल्या नंबरांना जाऊ द्यायचं याची यादी त्याच्याकडे होती. दहा, वीस, चाळीस. तीस नव्हता. का नव्हता? कुणी लिहिला नव्हता, म्हणून नव्हता.

"मग लिही की रे," उस्ताद म्हणाले.

"अर्ज द्या, उस्ताद. वरून सही आली की दोन मिनिटांचं काम."

अर्ज उस्तादांनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिला: 'वेगवेगळ्या मजल्यांवरील दोन यंत्रे, मधला अडथळा दूर करून, परस्परांशी जोडून मिळावीत.' भाषा इतकी निर्दोष होती की आवक कारकुनाने तो अर्ज बिनदिक्कत बांधकाम विभागाकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात एक गवंडी उभा. कानावर पेन्सिल, हातात हातोडा.

"कुठली भिंत फोडायची?"

"भिंत नाही हो. अडथळा म्हणजे तसा…"

"कागदावर अडथळा लिहिलंय. भिंत नाही तर काय, जमीन फोडू?"

त्याला चहा पाजून परत पाठवण्यात तास गेला. तोही बिचारा जाताना सल्ला देऊन गेला की इमारत जुनी आहे, कुठलीही भिंत पाडू नका.

सल्ल्यांना तशीही तूट नव्हतीच. उस्तादांच्या घराखाली अबू सख्र याचं छत्री-अँटेना विकायचं दुकान. तारांच्या बाबतीत त्याचा शब्द गल्लीत अखेरचा मानला जातो, कारण तो दुसऱ्याला बोलूच देत नाही.

"उस्ताद, तुम्ही पडलात पुस्तकातले," तो म्हणाला. "त्या मधल्याची मनधरणी कशाला करायची? वाटेत दुकान बंद असलं तर आपण पलीकडून जातो की नाही? चाळीस मीटर वायर घ्या, खिडकीतून खाली सोडा, थेट तळघरात. मधला बसेल बघत."

उस्तादांना हे पटलं. त्यांना कुणीही ठामपणे सांगितलेलं काहीही पटत असे. त्यांनी वायर घेतली, ती वाऱ्याने हलू नये म्हणून टोकाला ग्रंथालयातलं जडसं स्टेपलर दोऱ्याने बांधलं आणि खिडकीतून सोडली. स्टेपलरने खाली जाता जाता परवाना विभागाच्या काचेवर टकटक केली. तिथल्या अधिकाऱ्याने खिडकी उघडली, दारात आलेल्या पाहुण्यासारखं स्टेपलर आत घेतलं, दोरा कापला आणि खिडकी लावून घेतली. उरलेली वायर खाली गेली. पूर्ण गेल्यावर मग उस्तादांच्या ध्यानात आलं की तळघराला खिडकी नसते. हे एका भूगोल-शिक्षकाला कळायला चाळीस मीटर लागले, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

रात्रीच्या जेवणाला विजदानबाईंनी विचारलं, "मिशी कधी काढताय? बुधवारी की गुरुवारी?"

बुधवार उजाडला. रुश्दीला उस्तादांची दया आली. वरची सही काही आली नव्हती, पण त्याला दुपारी चुलतभावाच्या साखरपुड्याच्या मनसफच्या, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताच्या, जेवणाला जायचं होतं, आणि भरल्या पोटाने माणसाला जुने शिक्षक आठवू नयेत असं त्याला वाटत असावं. त्याने उस्तादांना फोनवरून मधल्या स्विचचा परवलीचा शब्द सांगितला. "आत जा, यादीत तीसची भर घाला, बाहेर या. दुसऱ्या कशाला हात लावू नका. मी ताटावर बसतोय."

उस्ताद आत गेले. काळ्या पडद्यावर यादी दिसली. जिथे आज्ञा द्यायची तिथे त्यांनी लिहिलं: तीस.

त्यांचा विचार सरळ होता. लग्नाच्या पाहुण्यांची यादी तयार असते. मग आपण मेहुण्याला निरोप धाडतो, 'दर्जीला पण बोलाव'. याचा अर्थ बाकीच्यांना येऊ देऊ नको, असा कुठला मेहुणा घेईल? पण स्विचला मेहुणा नसतो. त्याने जुनी यादी फाडली आणि नवी केली. तीस, फक्त तीस.

एका क्षणात साऱ्या इमारतीत कामं थांबली. परवाना विभाग गप्प. पाणीपट्टीच्या खिडकीवर आरडाओरडा. विवाहनोंदणीत एक जोडपं अर्धं नोंदलं जाऊन अडकलं. नवऱ्याचं नाव गेलं होतं, नवरीचं राहिलं होतं, आणि नवरीच्या आईने याचा अर्थ लावायला सुरुवात केली होती. उस्तादांनी घाईघाईने यादी दुरुस्त करायचा प्रयत्न केला. पण स्विचला आज्ञा जायची ती दहा नंबरच्या वाटेने, आणि दहा नंबर त्यांनीच आत्ता बाहेर काढला होता. स्वतःला बाहेर ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं होतं आणि किल्ली आत.

बरं, तीस तरी चालू झाला का? नाही. वीस यादीतून गेल्यावर तीस कुणाशी बोलणार?

वीस मिनिटांनी रुश्दी जिने चढत आला. उजव्या हाताला भात चिकटलेला, बाहीवर दह्याचा रस्सा. परवाना विभागाच्या कपाटात डोकं घालून, स्विचला थेट वायर खुपसून त्याने जुनी यादी परत लिहिली. दिवे हिरवे झाले. तेवढ्यात मोठे साहेब आले आणि पाणीपट्टीच्या सगळ्या रांगेसमोर ओरडले, "स्विचचा परवलीचा शब्द भूगोलाच्या मास्तरला कुणी दिला?"

रुश्दीने मान खाली घातली. साहेब गेल्यावर ती वर केली, आणि उस्तादांकडे न बघता म्हणाला, "मी जिवंत आहे तोवर तीस नंबर माझ्या स्विचमधून जाणार नाही." आणि गेला.

उस्ताद घरी आले ते सरळ आरशासमोर. विजदानबाई दारात उभ्या राहिल्या. थट्टा त्यांच्या जिभेवर होती, पण नवऱ्याच्या हातात खरोखरच वस्तरा पाहून त्यांनी ती गिळली.

"ठेवा तो खाली. पोराचा चारचौघांत अपमान झालाय, तो चारचौघांतच भरून द्यायला हवा. वडीलधाऱ्यांची जाहा घेऊन जा."

"एका स्विचसाठी जाहा?"

"जमिनीसाठी जातात, सोयरिकीसाठी जातात, गाडी ठोकली तरी जातात. हज्जी मुतलकला पुढे घाला, नऊ वडीलधारे बरोबर घ्या. त्यांच्या घरी बसायचं. ते कॉफी देतील, ती पुढ्यात तशीच राहू द्यायची. 'प्या, तुमचं मागणं मान्य' असं ते म्हणेपर्यंत कुणी ओठ लावायचा नाही. आणि लैथचे बाबा, माझ्याकडे बघा. तुम्ही काही बोलू नका. तुम्ही फक्त बसा."

हज्जी मुतलक चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी आजवर एकशेसात तंटे मिटवलेत, त्यांपैकी निदान चाळीस त्यांना समजलेही होते. संध्याकाळी रुश्दीच्या घराकडे चालत जाताना ते उस्तादांना विचारत होते:

"मुलगी कोणाची?"

"मुलगी नाही, हज्जी. वीस नंबर आणि तीस नंबर."

"घराणी कशी आहेत?"

"दोन्ही आपल्याच इमारतीतली. मधला जाऊ देत नाही."

"हं," हज्जी म्हणाले. "मधला नेहमीच असतो."

रुश्दीच्या दिवाणखान्यात अकरा माणसं भिंतीकडेने बसली. समोर रुश्दी आणि त्याचे दोन काका. रुश्दीच्या आईच्या स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. कॉफी आली. छोट्या पेल्यात, वेलदोड्याच्या वासाची. हज्जींनी आपला पेला पुढ्यात ठेवला. साऱ्यांनी ठेवला. हज्जी उभे राहिले, आणि खोली इतकी गप्प झाली की त्यांचे गुडघेही ऐकू आले.

त्यांनी फार सुंदर भाषण केलं. शेजाराबद्दल, वाटेबद्दल, वाटेवरच्या माणसाच्या अधिकाराबद्दल. चुकलेला माणूस कसा लहान असतो आणि क्षमा करणारा कसा उंच असतो. उस्तादांना चुकलेला माणूस आपणच, हे आठवून घाम फुटला. घसा कोरडा पडला. चौथीत मंचावर कविता विसरले होते त्या दिवशीसारखा. हात आपण होऊन काहीतरी शोधू लागला.

"…म्हणून रुश्दी, बेटा," हज्जींचा आवाज चढला, "अल्लाची शपथ, तू मागणं मान्य करीपर्यंत या घरच्या कॉफीचा एक थेंब आमच्यातल्या एकाच्याही ओठाला…"

याच क्षणी उस्ताद मुनीब यांनी आपला रिकामा पेला, आता पुरे असं सांगायला हलवतात तसा, सवयीने दोनदा हलवला.

दहा मिशा एकदम त्यांच्याकडे वळल्या. हज्जी मुतलकचं तोंड उघडंच राहिलं. एकशेसात तंट्यांत असं कधी झालं नव्हतं. उस्तादांनी पेल्यात पाहिलं. पेल्यात काही नव्हतं. पुन्हा पाहिलं.

रुश्दीचा धाकटा काका हळूच म्हणाला, "प्यायले. म्हणजे मागणं सोडलं त्यांनी."

"सोडलं कुठे? चुकून प्यायले ते!" अबू सख्र ओरडला. तो जाहात होता हे सांगायचं राहिलंच. जिथे बोलायला मिळतं तिथे तो असतो.

"चुकून? उस्ताद चुकूनच सगळं करतात काय?" रुश्दी म्हणाला. आवाजात भात अजून थंड झालेला नव्हता.

हज्जी खाली बसले. कुणीतरी जोडे शोधू लागलं. आणि मग स्वयंपाकघराच्या दारामागून रुश्दीच्या आईचा आवाज आला:

"कोण प्यायलं?"

"उस्ताद, आई."

"सगळी?"

"सगळी."

"मग झालं की रे. मान्य."

"आई! चूक त्यांची आहे!"

"चूक त्याची असेल, कॉफी माझी आहे. या घरची कॉफी पिऊन रिकाम्या हाताने कोणी गेलं, असं बायका उद्या भाकरीच्या भट्टीवर बोलतील ते मी ऐकू? आणि त्या ताहिरने माझाही फोटो काढलाय, लग्नाचा. तुझ्या बापाने पुरात घालवला. तो पण बघायचाय मला. विचार त्यांना, गोड लागली ना कॉफी?"

"फार छान होती," उस्ताद पुटपुटले. विजदानबाईंनी बोलू नका सांगितलं होतं ते त्यांना नंतर आठवलं.

रुश्दीने कपाळ चोळलं. मग उठून त्याने हज्जींचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. "प्या हज्जी. तुमचं मागणं मान्य." आणि उस्तादांकडे वळून: "पण उद्या तुमचे दोन्ही हात खिशात."

गुरुवारी दहा वाजता उस्ताद ग्रंथालयात हात खिशात घालून उभे होते. खाली मोठ्या साहेबांकडून हज्जी मुतलकांनी जाता जाता सही मिळवली होती. साहेब त्यांचा चुलतनातू लागतो हे आदल्या तीन दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं. रुश्दीने मधल्या स्विचच्या यादीत तीसची भर घातली. दहा, वीस, तीस, चाळीस, सगळे गुण्यागोविंदाने.

"बघा आता."

नाव लिहिलं. फोटोच्या जागी रिकामी चौकट.

"रुश्दी…"

"बोलू नका. विचार करतोय."

जिन्यात काठीचा आवाज आला. ठक. थांबणं. ठक. उम्म नायेफ निघाल्या होत्या. रुश्दीने ग्रंथालयातला वरचा स्विच पाहिला, ठीक. तळघरात फोन लावला. शहाणा स्विच ठीक. ठक, ठक. पहिला मजला. उस्ताद खिशातल्या खिशात मुठी वळत होते. दुसऱ्या मजल्यावर बाई थांबल्या. परवाना विभागाच्या अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली असावी. त्या माणसाबद्दल उस्तादांना त्या क्षणी स्टेपलरसकट क्षमा वाटली.

"अरेच्चा," रुश्दी म्हणाला.

"काय?"

"तुमचं मशीन खरं नाही ना, तर त्याच्या पोटात एक स्विचही आहे. तोही खरा नाही. पण त्याचीही यादी आहे."

"आणि त्यात तीस नाही?"

"नाही."

म्हणजे जाहा खऱ्या स्विचकडे गेली होती. नसलेल्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तो रुसून बसला होता. उस्तादांना त्याचं म्हणणं अगदी पटलं. रुश्दीने तिथेही तीस लिहिला. दारात काठी टेकली.

उम्म नायेफ आल्या, बसल्या. मागोमाग विजदानबाई थर्मास घेऊन आल्या आणि त्यांनी सर्वांपुढे कॉफी ठेवली. उम्म नायेफ यांनी आपला पेला घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात झाकला.

"आधी माझं मागणं," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी रुश्दीकडे पाहिलं. रुश्दीने मान हलवली. उस्तादांनी हात खिशातून काढले आणि बाईंचं बोट धरून एकेका अक्षरावर नेलं. स, मी, हा.

तळघरातून निघालेला फोटो शहाण्या स्विचातून मधल्यात आला, मधल्याने यादी पाहिली आणि जाऊ दिलं. वरच्याने दिलं, नसलेल्यानेही दिलं. पडद्यावर एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. दुकानाच्या दारात, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात झाडू. तोंड अर्धं उघडं. फोटो काढणाऱ्याला ती काहीतरी चांगलंच सुनावत होती, आणि सुनावता सुनावता तिला हसू फुटलं होतं.

उम्म नायेफ यांनी पडद्यावरच्या झाडूवर बोट ठेवलं.

"म्हणून आणला नाही घरी, लबाडाने," त्या म्हणाल्या. "म्हणत होता, केस विंचर, मग काढतो. आणि हा काढला." मग त्यांनी तळहात बाजूला केला, पेला उचलला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी प्यायली.

"आता तुम्ही घ्या, उस्ताद," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी आपल्या पेल्याकडे पाहिलं. तो केव्हाच रिकामा झाला होता.